चहावरचा पतंग, सफरचंदावरचा पतंग

जपानमध्ये चहाचे मळे आहेत ते मुख्यतः उबदार भागात. पॅसिफिक किनाऱ्यालगतचा शिझुओका प्रांत आणि अगदी दक्षिणेकडचा कागोशिमा हे त्यांतले सर्वांत मोठे. सफरचंदाच्या बागा आहेत त्या थंड उत्तरेकडच्या आओमोरीत आणि डोंगराळ नागानोत. या दोन पिकांचे हवामान वेगळे, मशागत वेगळी, शेतकरीही वेगळे. पण विसाव्या शतकाच्या मध्यास दोन्ही पिकांच्या किडींच्या याद्या उघडल्या, तर एक नाव दोन्हींत सापडत असे. कोवळी पाने रेशमाच्या धाग्याने एकमेकांना चिकटवून त्या घडीत बसून खाणारी हिरवट अळी, आणि तिच्यापासून होणारा नखाएवढा पिवळसर-तपकिरी पतंग. चहावर तोच आणि सफरचंदावरही तोच, असे बहुतेकांनी धरून चालले होते.

१९९८ साली हे प्रकरण नव्याने मांडले गेले आणि चहावरचा पतंग व सफरचंदावरचा पतंग या दोन निराळ्या जाती ठरल्या. मला या लेखात सांगायचा आहे तो त्या विभागणीचा इतिहास. वरवर पाहता ही संग्रहालयातल्या टाचणीला लावायच्या चिठ्ठीची गोष्ट आहे. पण या चिठ्ठीवर मळ्यातल्या फवारण्या अवलंबून होत्या, हे पुढे दिसेल. आपल्याकडे कापसाच्या आणि तुरीच्या शेतात जे कामगंध सापळे लागतात, त्यांच्या मागचे शास्त्रही याच प्रश्नावर उभे आहे : हा पतंग नेमका कोणता, आणि तो कोणत्या खुणेवरून ओळखायचा?

कुल, वंश आणि जाती

शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून आधी एक खुलासा. या लेखात 'जाती' म्हणजे एकमेकांत प्रजनन करणाऱ्या जिवांचा गट. जवळच्या जातींचा मिळून 'वंश' होतो आणि जवळच्या वंशांचे 'कुल'. आपल्या पतंगाचे कुल टॉर्ट्रिसिडी. लॅटिनमध्ये पिळण्या-वळण्याचा अर्थ असलेल्या धातूवरून हा शब्द आला आहे, कारण या कुलातल्या कित्येक अळ्या पाने वळवून, गुंडाळून त्यांत राहतात. जगभर या कुलाच्या दहा हजारांवर जाती नोंदल्या गेल्या आहेत. सफरचंद पोखरणारा प्रसिद्ध कॉडलिंग पतंगही याच कुलातला. आपल्या शेतातले उदाहरण हवे असेल तर तुरीच्या शेंड्याकडची पाने जिथे एकत्र चिकटून गाठोड्यासारखी झालेली दिसतात, ते गाठोडे उलगडून पाहावे. आत सापडणारी लहानशी अळी बहुधा याच कुलातली असते.

दिव्याजवळ भिंतीवर बसलेला या कुलाचा पतंग ओळखणे फारसे अवघड नाही. तो पंख पाठीवर उतरत्या छपरासारखे मिटून बसतो. पुढचे पंख खांद्याशी रुंद आणि टोकाशी आडवे कापल्यासारखे असल्याने वरून त्याचा आकार देवळातल्या घंटेसारखा दिसतो. इंग्लंडमध्ये पूर्वी यांना घंटापतंगच म्हणत. डोक्यापुढे चोचीसारखे निघालेले दोन स्पर्शक ही आणखी एक खूण. प्राणिशास्त्र शिकवत असताना मी विद्यार्थ्यांना व्हरांड्यातल्या दिव्याखाली उभे करून आधी हा आकार डोळ्यांत भरवायला सांगत असे. रंग मागाहून पाहावा. रंग फसवतो, बसण्याची ढब सहसा फसवत नाही.

कुलापर्यंत असे सहज पोचता येते. वंशापर्यंत जायला भिंग लागते. आणि जातीपर्यंत पोचायला काय लागते, याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले आहे.

ग्रीक शिकवणारा मास्तर

आपल्या पतंगाच्या वंशाचे नाव ॲडॉक्सोफाइस. ते दिले एडवर्ड मेरिक या इंग्रज शिक्षकाने, १८८१ साली. मेरिकचा जन्म १८५४चा. केंब्रिजमध्ये शिक्षण झाल्यावर तो ऑस्ट्रेलियात गेला. तिथल्या आणि न्यूझीलंडमधल्या शाळांत त्याने काही वर्षे शिकवले आणि सुटीच्या वेळात छोटे पतंग गोळा केले. मोठी, देखणी फुलपाखरे जमवणारे हौशी लोक तेव्हा पुष्कळ होते. नखाएवढ्या मळकट पतंगांकडे फारसे कोणी पाहत नसे. मेरिकने नेमके तेच क्षेत्र निवडले. ॲडॉक्सोफाइस हा वंश त्याने मांडला तो ऑस्ट्रेलियातल्या पतंगांच्या अभ्यासात, सिडनीच्या लिनियन सोसायटीच्या वृत्तांतामध्ये.

पुढे मायदेशी परतून तो मार्लबरो कॉलेज या आपल्याच जुन्या शाळेत १९१४पर्यंत ग्रीक-लॅटिन शिकवत राहिला. त्यामुळे त्याने दिलेली नावे बहुतेक ग्रीक घडणीची. ॲडॉक्सोफाइस या नावाची फोड केली तर पहिल्या भागात 'ज्याला कीर्ती नाही' असा अर्थ निघतो. दिसायला साधा, डोळ्यांत न भरणारा, हे वर्णन या वंशाला चपखल बसते. पुढच्या शतकात या वंशाला शेतकऱ्यांच्या लेखी जी कुकीर्ती लाभली, तिची कल्पना मेरिकला अर्थातच नव्हती.

मेरिकचा आपल्या मुंबईशी जवळचा संबंध आहे. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९०५पासून भारतातल्या सूक्ष्म पतंगांची वर्णने देणारी त्याची लेखमाला प्रसिद्ध होत होती. भारतात आणि सिलोनमध्ये राहणारे संग्राहक नमुने पाठवत, मेरिक इंग्लंडमध्ये बसून त्यांची वर्णने लिही आणि ती मुंबईत छापली जात. तुरीची पाने गुंडाळणाऱ्या अळीला आपल्या कृषी महाविद्यालयांच्या पुस्तकांत बरीच वर्षे 'युकॉस्मा क्रिटिका' म्हणत. तेही मेरिकनेच दिलेले नाव. या लेखमालेतली वर्णने वाचताना मला नेहमी त्यांच्या नेमकेपणाचे कौतुक वाटते. डोके, स्पर्शक, पोट, पुढचा पंख, मागचा पंख, अशा ठरलेल्या क्रमाने आठ-दहा ओळींत एक जाती संपते. शेवटी ठिकाण, महिना आणि नमुन्यांची संख्या. एकही शब्द वावगा नाही.

आयुष्यभरात मेरिकने दहा हजारांहून अधिक नव्या जातींना नावे दिली. ही सगळी कामगिरी पंखांवरची नक्षी, पंखांतल्या शिरांची मांडणी आणि स्पर्शकांचा आकार एवढ्यावर उभी होती. त्याचे साधन म्हणजे भिंग. पतंगाच्या पोटाचे टोक कापून त्यातल्या जननेंद्रियांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, ही पद्धत त्याच्या हयातीतच पुढे आली होती. पियर्स आणि मेटकाफ यांनी ब्रिटनमधल्या टॉर्ट्रिसिडींच्या जननेंद्रियांवरचे पुस्तक १९२२मध्ये काढले. मेरिकने ती पद्धत शेवटपर्यंत स्वीकारली नाही. १९३८ साली तो वारल्यानंतर त्याचा प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. तिथे गेट्स क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने मेरिकचे मूळ नमुने उघडून, त्यांच्या जननेंद्रियांच्या काचपट्ट्या करून, १९५५ ते १९७० या काळात आठ खंडांचा सचित्र कोश तयार केला. मास्तरांनी जे पाहण्याचे नाकारले होते, ते त्यांच्याच नमुन्यांवर दुसऱ्याने पाहून ठेवले.

एका नावाखाली दोन पतंग

या वंशातली सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक असलेली जाती युरोपातली. १८३४मध्ये बोहेमियातल्या फिशर फॉन रोस्लरस्टाम याने तिचे वर्णन केले आणि ती आज ॲडॉक्सोफाइस ओराना म्हणून ओळखली जाते. शंभर वर्षे ती जवळजवळ दुर्लक्षितच राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र नेदरलँड्समधल्या सफरचंदाच्या बागांत ती मुख्य किडींपैकी एक होऊन बसली. इंग्लंडमध्ये ती प्रथम दिसली १९५०मध्ये, केंट परगण्यात. अळी फळाला चिकटलेल्या पानाआड राहून फळाची साल कुरतडते. असे फळ सडते किंवा बाजारात त्याला भाव येत नाही.

जपानमधल्या पतंगाला लॉर्ड वॉल्सिंगहॅम या इंग्रज संग्राहकाने १९०० साली 'फॅसिएटा' असे नाव दिले होते. पुढे तो युरोपातल्या ओराना जातीचाच पूर्वेकडचा प्रकार आहे असे मत रूढ झाले. अशा रीतीने नेदरलँड्समधले सफरचंद, आओमोरीतले सफरचंद आणि शिझुओकातला चहा हे तिन्ही कागदावर एकाच किडीचे भक्ष्य ठरले. जपानी भाषेत या पतंगाला कोकाकुमोन-हमाकी म्हणत. 'हमाकी' म्हणजे पान गुंडाळणारा. अलीकडचे 'को' म्हणजे छोटा, आणि मधला शब्द पंखावरच्या कोनदार ठशाचा. शेतकऱ्याने पाहिलेली खूण नावात आली होती.

१९७०च्या आसपास होन्मा या जपानी संशोधकाने चहावरच्या आणि सफरचंदावरच्या अळ्या शेजारी शेजारी वाढवून पाहिल्या, तेव्हा या चित्राला तडे गेले. सफरचंदावरची अळी दिवस लहान होऊ लागले की वाढ थांबवते आणि खोडाच्या सालीतल्या फटींत रेशमाचे कवच करून हिवाळाभर निद्रिस्त राहते. चहावरची अळी अशी गाढ निद्रा घेत नाही. चहाचे झुडूप सदाहरित, हिवाळ्यातही त्यावर पान असते, आणि अळी संथपणे खात-वाढत राहते. म्हणून चहाच्या मळ्यात वर्षाला चार-पाच पिढ्या होतात, तर उत्तरेकडच्या सफरचंदाच्या बागेत दोन-तीन. अन्नाची आवड वेगळी, ऋतूंचे गणित वेगळे. पंखांच्या नक्षीतही थोडा फरक होता, पण तो इतका निसरडा की एखाद्या सुट्या नमुन्यावरून खात्रीने सांगणे कठीण. नराची नक्षी ठळक असते आणि मादीची फिकट. त्यामुळे एकाच जातीतले नर-मादी शेजारी ठेवले तर ते दोन जातींहूनही वेगळे वाटतात.

संशोधक सावध होते. जीवनक्रम वेगळा असला म्हणजे जाती वेगळी, असे लगेच म्हणता येत नाही. एकाच जातीचे दोन प्रदेशांतले गट वेगवेगळ्या सवयींचे असू शकतात. म्हणून पुढची काही वर्षे 'चहा-प्रकार' आणि 'सफरचंद-प्रकार' असे दोन शब्द वापरात राहिले.

नराच्या मिशांनी दिलेला निवाडा

याच सुमारास दुसरीकडून एक साक्ष पुढे आली. पतंगांच्या माद्या रात्री एक वास सोडतात आणि नर दुरून त्या वासाच्या मागावर येतात, हे निरीक्षण जुने होते. तो वास म्हणजे नेमके कोणते रसायन, हे प्रथम कळले १९५९मध्ये. जर्मनीत बुटेनांट याने सुमारे पाच लाख मादी रेशीमपतंगांच्या ग्रंथींतून ते वेगळे काढले. त्याच वर्षी अशा रसायनांसाठी 'फेरोमोन' हा शब्द घडवला गेला. मराठीत शेतीच्या लिखाणात त्याला 'कामगंध' हा सुंदर शब्द रूढ झाला आहे.

१९७१मध्ये तामाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चहावरच्या पतंगाचा कामगंध शोधला. त्यात दोन मुख्य घटक निघाले. दोन्हींच्या रेणूत चौदा कार्बन अणूंची सरळ साखळी. एकात दुहेरी बंध नवव्या कार्बनपाशी, दुसऱ्यात अकराव्या. सोयीसाठी आपण त्यांना 'नऊचा घटक' आणि 'अकराचा घटक' म्हणू. पुढच्याच वर्षी, १९७२मध्ये, नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सफरचंदावरच्या ओरानाचा कामगंध प्रसिद्ध केला. त्यातही नेमके हेच दोन घटक होते. इथवर पाहिले तर दोन्ही पतंग एकच, असाच निष्कर्ष निघाला असता.

पण प्रमाण वेगळे होते. युरोपातल्या सफरचंदावरच्या पतंगात नऊच्या घटकाचे नऊ भाग आणि अकराच्या घटकाचा एक भाग. चहावरच्या पतंगात ते साधारण दोनास एक. १९७९मध्ये तामाकींच्या गटाने चहावरच्या मादीच्या गंधात आणखी दोन घटक दाखवले. चारही घटकांचे प्रमाण ६३ : ३१ : ४ : २. शेवटचे दोन अगदी चिमूटभर, पण चारही एकत्र असले की नराची ओढ पुष्कळ वाढते. मसाला तोच, पण धणे-मिरचीचे प्रमाण बदलले की घर बदलते, असे काहीसे हे आहे. नराच्या मिशांवरचे गंधग्राही केस या प्रमाणातला फरक टिपतात. माणसाला भिंगातून जो भेद दिसत नव्हता, तो नर पतंग रात्रीच्या अंधारात दुरून ओळखत होता.

जाती म्हणजे एकमेकांत प्रजनन करणारा गट, ही व्याख्या मान्य असेल, तर 'आपला जोडीदार कोण' हा पतंगाचा स्वतःचा निवाडा हाच सर्वांत मोठा पुरावा ठरतो. या प्रकरणात मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पंखांची नक्षी ही माणसाने आपल्या सोयीसाठी निवडलेली खूण होती, कारण माणूस डोळ्यांवर भिस्त ठेवणारा प्राणी आहे. पतंगाचा व्यवहार चालतो गंधावर. आपण त्याची ओळख पटवायला त्याच्याच खुणेपाशी जाईपर्यंत मेरिकच्या १८८१च्या लेखाला नव्वद वर्षे झाली होती.

तरीही नाव लगेच मिळाले नाही. नव्या जातीला नाव द्यायचे तर जुन्या नावांचे मूळ नमुने तपासावे लागतात. चहावरच्या पतंगाला यापूर्वीच कोणी नाव दिलेले नाही ना, याची खात्री करावी लागते. फॅसिएटा हे जुने नाव नेमके कोणाचे, चहावरच्याचे की सफरचंदावरच्याचे, हे सोडवावे लागते. तोवर १९८०च्या आणि १९९०च्या दशकांतल्या शोधनिबंधांत चहावरच्या पतंगाचा उल्लेख 'ॲडॉक्सोफाइसची एक जाती' एवढाच येतो. लाखो झुडपांवर राहणारी, कीटकनाशकांच्या खर्चाचा मोठा वाटा खाणारी ही कीड बरीच वर्षे निनावी होती. शेवटी १९९८मध्ये यासुदा यांनी जपानमधल्या या वंशाची फेरमांडणी केली. फॅसिएटा हे नाव सफरचंदावरच्याकडे, म्हणजे ओराना जातीकडे राहिले. चहावरच्या पतंगाला होन्मा यांच्या नावावरून 'होन्माय' हे नाव मिळाले. उबदार भागातल्या तिसऱ्या एका जातीला त्यांनी 'डुबिया' म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'शंकास्पद'. इतक्या घोळानंतर हे नाव शोभलेच.

आज ओळख कशी पटवतात

हा इतिहास पायऱ्यांच्या रूपाने आजच्या ओळखपद्धतीत शिल्लक आहे. पहिली पायरी नुसत्या डोळ्यांची. पंखांचा पसारा साधारण १५ ते २० मिलिमीटर, बसताना घंटेचा आकार. दुसरी पायरी भिंगाची. पुढचे पंख पिवळसर मातकट रंगाचे, त्यांवर मधून तिरपा जाणारा तपकिरी पट्टा, भोवती बारीक जाळीसारख्या रेषा. नराच्या पुढच्या पंखाच्या वरच्या काठाशी, बुडाकडे, कापडाला दुमड घातल्यासारखी एक घडी असते. मादीला ती नसते. या घडीवरून नर-मादी वेगळे केले नाहीत, तर पुढची सगळी तुलना चुकते.

शेतात पतंगापेक्षा अंडी-अळी अधिक सापडतात. पानावर माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक रचलेली चपटी पिवळसर अंडी, आणि घडी उलगडताच झटक्यात मागे सरकून धाग्याने खाली लोंबकळणारी अळी, ही लक्षणे या कुलाकडे बोट दाखवतात, पण जातीपर्यंत नेत नाहीत. त्यासाठी तिसरी पायरी. पतंगाचे पोट काढून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करायचे, चरबी साफ करायची, रंग द्यायचा आणि जननेंद्रियांची काचपट्टी करायची. सरावलेला हात याला लागतो. चौथी पायरी गंधाची : कोणत्या प्रमाणाच्या गंधाला नर येतो, ते पाहायचे. अलीकडे पाचवी पायरी आली आहे, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधल्या डीएनएच्या क्रमाची. ती अळीवर, अंड्यावर, तुटक्या पंखावरही चालते.

आणि या सर्व पायऱ्यांना पुरून उरणारी एक साधी गोष्ट आहे : नमुन्यासोबतची चिठ्ठी. कोणत्या झाडावर, कुठे, कोणत्या तारखेला. मेरिकच्या काळात दिव्यावर आलेल्या कित्येक पतंगांचे अन्न कोणते हे ठाऊकच नसे. चहावरचा आणि सफरचंदावरचा पतंग निराळा असू शकतो ही शंका ज्यांना आली, ते अळीला तिच्या झाडासकट ओळखत होते.

एका घटकावर भिस्त

आता फवारणीच्या हिशेबाकडे येऊ. कामगंध कळला की त्याचे दोन उपयोग होतात. एक, सापळ्यात आमिष म्हणून ठेवून किडीची संख्या मोजणे. दुसरा, सगळ्या मळ्यात कृत्रिम गंध इतका पसरवणे की नराला मादी सापडूच नये. यात कीड मरत नाही, तिचे मीलन टळते. चहाच्या पानाला थेट पाण्यात उकळायचे असल्याने, विषाशिवाय कीड आवरण्याचा हा मार्ग चहाच्या शेतीला फार आकर्षक होता.

जपानमध्ये यासाठी १९८३ साली हमाकी-कॉन नावाचे उत्पादन आले. गंध भरलेल्या प्लास्टिकच्या बारीक नळ्या झुडपांवर अडकवायच्या, एवढेच काम. त्या नळ्यांत एकच रसायन होते, आपला 'अकराचा घटक'. त्याची निवड हिशेबी होती. चहावर पाने गुंडाळणारा दुसराही एक मोठा पतंग आहे, होमोना वंशातला. त्याच्या कामगंधातही हा घटक असतो. एका नळीत दोन किडी आवरणार असतील तर खर्च निम्मा होतो. शिझुओका प्रांतातल्या शिमादा परिसरात, जिथे मेजी काळापासून माकिनोहारा पठारावर चहा पिकतो, हे तंत्र वर्षानुवर्षे वापरले गेले आणि आरंभी चांगले चालले.

ज्या मळ्यात असा गंध पसरलेला असतो, तिथे मोजणीसाठी ठेवलेल्या सापळ्यात नर येता कामा नये. आले तर समजायचे की नर अजूनही वास हुडकू शकतो. १९९०च्या दशकात शिमादाच्या मळ्यांतल्या सापळ्यांत नर येऊ लागले आणि पानांवर अळ्याही वाढल्या. मोचिझुकी आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये याचा शोध प्रसिद्ध केला. मीलन रोखणाऱ्या गंधाला एखाद्या कीटकाने प्रतिकार मिळवल्याची जगातली ही पहिली नोंद मानली जाते. विषाला किडी दाद देईनाशा होतात हे सर्वांना ठाऊक होते. गंधालाही त्या सरावतील असे फारसे कोणाला वाटले नव्हते, कारण हा तर त्यांचा स्वतःचाच गंध.

गोम इथेच होती. नळीतला गंध त्यांचा स्वतःचा नव्हता. तो चार घटकांतला एकच, आणि तोही प्रमाणाने दुसऱ्या क्रमांकाचा. एका घटकाने भरलेल्या हवेत बहुतेक नर भांबावले, पण ज्या थोड्यांना उरलेल्या घटकांवरून मादी हुडकता येत होती त्यांना जोडीदार मिळाले. पिढ्यानुपिढ्या त्यांचीच संतती वाढली. वर्षाला चार-पाच पिढ्या म्हणजे दहा वर्षांत चाळीस-पन्नास पिढ्यांची निवड. प्रतिकार मिळवलेल्या वाणाचा पुढे प्रयोगशाळेत अभ्यास झाला, तेव्हा त्याचे नर अकराचा घटक वगळलेल्या गंधालाही प्रतिसाद देताना आढळले. उपाय अर्थातच त्यांच्या ओळखीच्या गंधाकडे जाण्याचा होता. अनेक घटकांचे मिश्रण असलेल्या नळ्या आणल्यावर परिणाम पुन्हा मिळू लागला.

या किडीची दुसरी एक नोंद इथे आठवते. कागोशिमातल्या चहा संशोधन केंद्रात दिव्याच्या सापळ्यात येणारे पतंग काही दिवसांच्या अंतराने मोजले जात. पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या मोजणीवर २०१३मध्ये एक महत्त्वाचा शोधनिबंध निघाला. वसंतात हवा तापू लागली की पतंगाच्या संख्येत पिढीपिढीच्या लाटा उसळतात आणि थंडीकडे त्या विरतात, हे त्यातून दिसले. अर्धशतकभर मोजणारे लोक बदलले, पतंगाचे नावही बदलले. मोजणी उपयोगी पडली, कारण ती कोणत्या पिकावर, कुठे, कधी केली हे लिहून ठेवलेले होते. त्यामुळे नाव बदलल्यावरही ते आकडे कोणाचे, याबद्दल शंका उरली नाही.

आपल्या शिवारात

या गोष्टीकडे मी महाराष्ट्रातून पाहतो तेव्हा कापूस आठवतो. गुलाबी बोंडअळीचा पतंग टॉर्ट्रिसिडी कुलातला नाही, पण तिचा इतिहास याच वाटेने गेला आहे. १८४०च्या दशकात भडोचकडच्या कापसावरून आलेल्या नमुन्यांवर लंडनमध्ये सॉन्डर्स याने तिला नाव दिले. तिचा कामगंध १९७३मध्ये उलगडला. त्यातही दोन घटक, समसमान प्रमाणात. आणि मीलन रोखण्यासाठी अमेरिकेत ज्या गंधाची पहिली नोंदणी झाली, १९७८ साली, तो हाच. २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात या अळीने बीटी कापसाला न जुमानता बोंडे पोखरली. तेव्हापासून कामगंध सापळे गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत दिसतात, आणि मीलन रोखणारा गंध शेतात लावण्याचे तंत्रही आपल्याकडे आले आहे.

सापळा वरून सगळ्यांचा सारखाच : एक नरसाळे, खाली प्लास्टिकची पिशवी. फरक असतो तो आतल्या ल्यूरचा. हरभरा-तुरीवरच्या घाटेअळीचे ल्यूर कापसावर गुलाबी बोंडअळीसाठी लावले तर सापळा रिकामा राहील, आणि शेतकरी समजेल की कीड नाही. म्हणजे शेतकरी सापळा लावतो तेव्हा तोही ओळखच पटवत असतो. मेरिक ज्या प्रश्नाला भिंगाने उत्तर देत होता, तोच प्रश्न शेताच्या बांधावर रबराच्या छोट्या गोळीने विचारला जातो.

शिमादाच्या अनुभवातून आपल्याला घेण्यासारखे बरेच आहे. सापळ्यात पतंग कमी आले म्हणजे कीड कमी झाली, असे एकदम समजू नये. त्याच दिवशी बोंडे फोडून, पाने उलगडून आतली अळी मोजावी. सापळ्याचा आकडा आणि अळीचा आकडा दोन्ही एकाच वहीत, पीक-ठिकाण-तारखेसह लिहावेत. सापळा रिकामा आणि बोंडात अळी असे होऊ लागले, तर ल्यूर जुने झाले, चुकीचे लागले, की पतंगच बदलला, हे तपासायला हवे. आणि गंध पसरवलेल्या शेतात सापळा पुन्हा भरू लागला, तर ती सूचना फवारणीच्या दुकानाकडे धावण्याआधी कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला कळवायला हवी. जपानमध्ये प्रतिकाराची नोंद झाली ती सापळे चालू ठेवले होते आणि कोणीतरी ते मोजत होते म्हणून. आपल्याकडे सापळे लागले आहेत. मोजणीच्या वह्या किती गावांत आहेत, हे ज्याने त्याने आपापल्या शिवारात पाहावे.